तीन पुंजके कुठून आले? पावसाच्या नकाशांमधलं साम्य मोजण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

एका संशोधन गटाकडे पावसाच्या सिम्युलेशनचे ४८ रन होते. मॉडेल एकच, पण प्रत्येक रनमध्ये ढग, संवहन आणि जमिनीतला ओलावा यांच्याशी निगडित पॅरामीटर थोडेथोडे बदललेले. प्रत्येक रनमधून हंगामाचा सरासरी दैनिक पाऊस काढून तो एका मोठ्या नदीखोऱ्याभोवतीच्या आयतापुरता कापून घेतला होता. म्हणजे हाती ४८ नकाशे. प्रदेश तोच, राशी तीच.

हे नकाशे जायचे होते जलविज्ञानवाल्यांकडे. त्यांचं पुराचं मॉडेल संगणकाचा इतका वेळ खातं की सगळेच्या सगळे रन त्यातून काढणं त्यांना झेपणारं नव्हतं. सहा, फार तर सात. त्यामुळे मागणी साधी होती: जे नकाशे एकमेकांसारखे आहेत त्यांचे गट करा आणि प्रत्येक गटातला एकेक आम्हाला द्या.

माझा संबंध आला तो चित्रांच्या बाजूनं. खोरं कुठलं, मॉडेल कुठलं, माणसं कोण हे तपशील इथे गाळले आहेत.

४८ नकाशांच्या जोड्या होतात ११२८. एवढ्या जोड्या कुणी डोळ्यांनी बघत बसत नाही. म्हणून दोन गोष्टी कराव्या लागतात. प्रत्येक जोडीला अंतर नावाचा एक आकडा द्यायचा, आणि मग त्या आकड्यांचं मिळून एक चित्र काढायचं. या दोन्ही पायऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकेका ओळीच्या असतात, आणि त्यामुळेच त्यांच्यात दडलेले निर्णय कुणी घेतलेच नाहीत असं होऊन बसतं.

पहिलं चित्र

गटानं आधीच एक चित्र तयार ठेवलं होतं. बारीक ग्रिडवरचे रन १ अंशाच्या जाड ग्रिडवर आणून सगळे नकाशे एका मापात बसवले होते. प्रत्येक जोडीचा आरएमएसई, म्हणजे ग्रिडच्या खान्याखान्यातल्या फरकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ, काढला होता आणि त्यावर टी-एसएनई, म्हणजे अंतरांवरून प्रत्येक नकाशाचा एकेक ठिपका कागदावर मांडणारी पद्धत, चालवली होती. चित्रात तीन पुंजके दिसत होते. अगदी स्वच्छ, मधे मोकळी जागा असलेले. गटप्रमुखांना ते फार आवडलं होतं. तीन पुंजके म्हणजे पावसाच्या तीन तऱ्हा, प्रत्येकातून दोन रन घेऊ, काम संपलं, असा बेत होता.

टी-एसएनई ही लॉरेन्स व्हॅन डर मातेन आणि जेफ्री हिंटन यांची २००८ सालची पद्धत. कोण कुणाचा शेजारी आहे हे ती चांगलं टिकवते. पण दोन पुंजक्यांमधली मोकळी जागा किती, किंवा एक पुंजका दुसऱ्यापेक्षा मोठा का, यातून अर्थ काढता येत नाही. पर्प्लेक्सिटीचा, म्हणजे प्रत्येक ठिपक्याचे साधारण किती शेजारी धरायचे याचा, आकडा बदलला की चित्र बदलतं. त्यामुळे पुंजके दिसले म्हणून लगेच हरखून जाऊ नये, असं मी सुचवलं. पण नुसत्या सावधगिरीच्या सूचनेनं कुणाचं मत बदलत नाही, तसं इथेही बदललं नाही.

मत बदललं ते ठिपके रंगवल्यावर. प्रत्येक पॅरामीटरच्या किमतीनुसार ठिपक्यांना रंग दिला, तेव्हा कुठल्याच पॅरामीटरनं पुंजके वेगळे होत नव्हते. तिन्ही पुंजक्यांमध्ये सगळे रंग मिसळलेले. मुळात रनमध्ये फरक केला होता तो फक्त पॅरामीटरचा. मग पॅरामीटरशी संबंध नसलेले पुंजके आले कुठून?

पीएचडी करणाऱ्या एका मुलीनं नेटसीडीएफ फाइलींची (हवामानाचा डेटा ठेवण्याचा हा एक नेहमीचा प्रकार) हेडर उघडून बघितली. या फाइलींमध्ये ‘हिस्टरी’ नावाचं एक ॲट्रिब्यूट असतं. फाइलवर कुठला कमांड कधी चालवला, ते त्यात साठत जातं. तिनं त्या ओळीनुसार ठिपके रंगवले आणि तिन्ही पुंजके तीन रंगांत चोख वेगळे झाले. एका पुंजक्यातल्या फाइलींवर रीग्रिडिंगचा, म्हणजे ग्रिड बदलण्याचा, कमांडच नव्हता, कारण ते रन मुळातच १ अंशावर केलेले होते. दुसऱ्यात ‘रीमॅपकॉन’ (कॉन्झर्व्हेटिव्ह पद्धत) होतं, तिसऱ्यात ‘रीमॅपबिल’ (बायलिनिअर पद्धत). म्हणजे ०.२५ अंशावरचे रन जाड ग्रिडवर आणताना दोन वेगळ्या लोकांनी दोन वेगळ्या पद्धती वापरल्या होत्या.

आता ०.२५ वरून १ अंशावर जाताना जाड ग्रिडच्या एका खान्यात बारीक ग्रिडचे १६ खाने येतात. कॉन्झर्व्हेटिव्ह पद्धत या सोळांची क्षेत्रफळानुसार सरासरी घेते, त्यामुळे एकूण पाणी तेवढंच राहतं. बायलिनिअर पद्धत जाड खान्याच्या मध्याभोवतीचे फक्त ४ खाने बघते आणि बाकीचे १२ सोडून देते. सपाट प्रदेशात यानं फारसं बिघडत नाही. पण या खोऱ्यात एक लांब, अरुंद डोंगररांग आहे आणि हंगामाच्या सरासरीत पावसाचा सगळा थाट त्या उताराला चिकटलेला असतो. रांग त्या ४ खान्यांतून गेली तर जाड खान्यात भरमसाट पाऊस दिसतो. एका खान्यानं बाजूनं गेली तर जवळजवळ कोरडं. रांग सगळ्या रनमध्ये एकाच जागी असल्यामुळे हा चुकीचा ठसा त्या तुकडीतल्या प्रत्येक फाइलवर सारखाच उमटला होता. आरएमएसईनं तो ठसा इमानेइतबारे पकडला आणि त्याचा पुंजका केला.

याचा पुरावा म्हणून एक साधी चाचणी केली. एकच रन घेतला, तो दोन्ही पद्धतींनी १ अंशावर आणला आणि दोन्ही फाइली इतरांबरोबर चित्रात टाकल्या. एकाच रनचे हे दोन अवतार दोन वेगळ्या पुंजक्यांत जाऊन बसले. त्यानंतर वाद उरला नाही.

पहिला निर्णय: ग्रिड

सरळ उपाय होता, सगळे बारीक रन रीमॅपकॉननं पुन्हा जाड ग्रिडवर आणणं. त्यानं दोन पुंजके एक झाले असते. पण तिसऱ्या पुंजक्याचं दुखणं वेगळं होतं. मुळात १ अंशावर केलेल्या रनमध्ये डोंगररांगच चपटी झालेली असते, कारण मॉडेलला दिलेली जमिनीची उंचीही १ अंशावर सरासरी काढलेली असते. चढच कमी, म्हणून पाऊसही पसरट. हा फाइली हाताळण्यातला घोळ नव्हे, हा मॉडेलमधलाच खरा फरक आहे. फक्त ज्याबद्दल प्रश्न विचारला होता तो फरक हा नव्हे.

प्रत्येक ग्रिडच्या रनची आपापली सरासरी वजा करून उरलेल्या भागाची तुलना करावी, असं एकाचं म्हणणं होतं. शास्त्रीयदृष्ट्या ते वावगं नाही. पण पूर सरासरीपासूनच्या विचलनानं येत नाही, प्रत्यक्ष पडलेल्या पावसानं येतो, असं जलविज्ञानवाल्यांनी सांगितलं आणि ते पटण्यासारखं होतं. शेवटी जाड ग्रिडवरचे १६ रन बाजूला काढले आणि निवड उरलेल्या ३२ मधूनच करायची ठरली. ३२ च्या जोड्या ४९६.

हे ठरल्यावर कुणीतरी विचारलं, मग १ अंशावर आणायचंच कशाला? जाड ग्रिडवर येण्याचं कारणच ते १६ रन होते. मूळ ०.२५ अंशाच्या फाइली टेपवरच्या संग्रहात सुखरूप होत्या. त्या परत आणल्या आणि रीग्रिडिंगचा प्रश्न मुळापासून मिटला. गटप्रमुखांची हरकत एवढीच होती की पॅरामीटरच्या काही टोकाच्या जोड्या फक्त स्वस्तातल्या जाड रनमध्येच आजमावल्या होत्या आणि त्या आता हातच्या जाणार. हरकत रास्त होती. तिचा उल्लेख पुढे येईलच.

पर्याय: कुठलं माप काय माफ करतं

बारीक ग्रिडवर आल्यावर आरएमएसईचं दुसरं दुखणं वर आलं. हवामानाच्या पूर्वानुमानात काम करणारे त्याला ‘डबल पेनल्टी’ म्हणतात. बैठकीत हे फळ्यावर सोडवून दाखवलं, कारण ते हातानं करण्याइतकं सोपं आहे.

१०×१० चा ग्रिड घ्या. सगळीकडे शून्य, फक्त २×२ च्या एका चौकोनात १० मिलिमीटर पाऊस. आता दुसऱ्या नकाशात तोच चौकोन ३ खाने उजवीकडे सरकवा. फरक ८ खान्यांत आहे: ४ जिथे पाऊस असायला हवा होता तिथे, ४ जिथे नको होता तिथे. वर्गांची बेरीज ८००, शंभरानं भागून ८, वर्गमूळ सुमारे २.८३. आता तिसरा नकाशा पूर्ण कोरा ठेवा. फरक फक्त ४ खान्यांत, बेरीज ४००, आरएमएसई २. म्हणजे पाऊस जरा बाजूला पाडणाऱ्या नकाशापेक्षा पाऊसच न पाडणारा नकाशा मूळ नकाशाच्या जास्त जवळ ठरला. आणि चौकोन ३ ऐवजी ६ खाने सरकवला तरी उत्तर तेच २.८३.

कोरिलेशनचंही, म्हणजे दोन नकाशांतले चढउतार किती जुळतात ते सांगणाऱ्या आकड्याचंही, तसंच. चौकोन सरकवला की ते उणे ०.०४ च्या आसपास येतं, ३ खाने काय आणि ६ खाने काय. उलट चौकोन जागेवरच ठेवून पाऊस निम्मा केला, तर कोरिलेशन पूर्ण १. निम्मं पाणी गायब झालं तरी त्याला पत्ता नाही.

या फळ्यावरच्या गणितानंतर चर्चेचा सूर बदलला. कुठलं माप चांगलं, हा प्रश्न मागे पडला. प्रत्येक माप काही फरक माफ करतं आणि काहींना शिक्षा करतं. आपल्याला कुठले फरक माफ करायचे आहेत ते आधी ठरवायचं आणि मग त्या यादीला जुळणारं माप शोधायचं. यादी जलविज्ञानवाल्यांनी अर्ध्या तासात दिली. एकूण पाणी किती, हे माफ नाही. पाऊस कुठल्या उपखोऱ्यात पडला, हे माफ नाही. त्याच उपखोऱ्यात एक-दोन खाने इकडेतिकडे, माफ. ०.२५ अंश म्हणजे विषुववृत्तापाशी साधारण २८ किलोमीटर, त्यामुळे ही सूट बरीच मोठी आहे. पावसाचा एकच मोठा डाग आहे की विखुरलेले बारीक डाग, याबद्दल त्यांना खात्री नव्हती. ‘बघू’ असं ते म्हणाले.

या यादीसमोर एकेक माप ठेवलं.

टेलर आकृती पहिल्यांदा सुचवली गेली, कारण ती सगळ्यांना ठाऊक होती. कार्ल टेलर यांनी २००१ मध्ये मांडलेल्या या आकृतीत कोरिलेशन, प्रमाण विचलन आणि मध्य वजा करून उरलेला आरएमएस फरक, हे तिन्ही कोसाइन सूत्राच्या जोरावर एकाच ठिपक्यात बसतात. देखणी आहे. पण मध्यच वजा केल्यामुळे एकूण पाण्यातला फरक तिच्यात दिसत नाही, आणि शिवाय ती एका संदर्भाशी तुलना करते, सगळ्यांची सगळ्यांशी नव्हे. बाद.

एसएसआयएम हे छायाचित्रांच्या दर्जासाठी २००४ मध्ये आलेलं माप. छोट्या खिडकीतली उजळता, कॉन्ट्रास्ट आणि रचना बघतं. खोऱ्याच्या कोरड्या भागात, जिथे पाऊस जवळजवळ सपाट आहे, तिथे त्याच्या सूत्रातले स्थिरांकच उत्तर ठरवतात असं दिसलं. तेही बाद. फोटोसाठी घडवलेलं माप मिलिमीटरवर लावताना हा त्रास होतोच.

अर्थ मूव्हर्स डिस्टन्स, म्हणजे वासरस्टाइन अंतर, मात्र नेमकं हवं ते करत होतं. गास्पार मोंज यांनी १७८१ मध्ये मातीच्या ढिगांबद्दल विचारलेला हा प्रश्न: एका आकाराचा ढीग दुसऱ्या आकाराचा करायला माती किती आणि किती लांब हलवावी लागेल? आपल्या चौकोनाचं हे अंतर ३ खाने सरकवल्यावर ३ येतं, ६ सरकवल्यावर ६. शिवाय ते किलोमीटरमध्ये सांगता येतं, म्हणजे समोरच्याला ते समजतं. अडचण एवढीच की दोन्हीकडची माती सारखी असावी लागते, त्यामुळे आधी दोन्ही नकाशे आपापल्या एकूण पावसानं भागावे लागतात. म्हणजे एकूण पाणी किती, हे या मापाला माफ.

टोपॉलॉजीवालं माप गटातल्या एकाला फार आवडायचं. नकाशा म्हणजे उंचसखल प्रदेश समजा आणि त्यावर काठोकाठ भरलेलं पाणी हळूहळू ओसरू द्या. शिखरं एकेक करून वर येतात, आणि पाणी आणखी उतरलं की लहान शिखर मोठ्याच्या पायथ्याला जाऊन मिळतं. कुठलं शिखर किती उंचीवर जन्मलं आणि किती उंचीवर विलीन झालं, याचे ठिपके म्हणजे पर्सिस्टन्स डायग्रॅम. दोन डायग्रॅममधलं बॉटलनेक अंतर (ठिपक्यांच्या शक्य तितक्या चांगल्या जोड्या लावल्यावर उरणारं सर्वांत मोठं अंतर) हे दोन नकाशांमधल्या सर्वांत मोठ्या फरकापेक्षा कधीच जास्त होत नाही, हे डेव्हिड कोहेन-स्टाइनर, हर्बर्ट एडल्सब्रुनर आणि जॉन हेरर यांनी २००७ मध्ये सिद्ध केलं आहे. म्हणजे किरकोळ गोंगाटानं ते बिचकत नाही. पण शिखर कुठे आहे, हे त्याला अजिबात कळत नाही. आपला चौकोन कितीही सरकवा, अंतर शून्य.

दुसरा निर्णय: एक आकडा की तीन

कुठलंच एक माप पूर्ण यादी सांभाळत नव्हतं, म्हणून तीन घेतली. प्रमाणासाठी दोन्ही एकूण पावसांचा फरक भागिले त्यांची सरासरी. ६ आणि ४ असेल तर २ भागिले ५, म्हणजे ०.४. जागेसाठी वासरस्टाइन. घडणीसाठी पर्सिस्टन्स. ही विभागणी काही नवी नाही. हाइनी वेर्नली आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पावसाच्या पूर्वानुमानासाठी मांडलेलं ‘एसएएल’ याच तीन बाजूंनी बघतं. आम्ही आतली सूत्रं आपल्या प्रश्नानुसार बदलली.

गटप्रमुखांना तिन्हींची भारित बेरीज करून एक आकडा हवा होता. अहवालात एकच तक्ता, एकच चित्र. त्यांची अडचण समजत होती. पण वजनं कशावरून ठरवायची याचं उत्तर कुणापाशी नव्हतं, म्हणून तूर्तास तिन्ही वेगळी ठेवली. हा निर्णय दोनच दिवसांत फळाला आला.

जागेच्या मॅट्रिक्समध्ये, म्हणजे प्रत्येक रनचं प्रत्येक रनशी अंतर रंगानं दाखवणाऱ्या तक्त्यात, एक आडवी ओळ टोकापासून टोकापर्यंत गडद दिसत होती. हा एक रन बाकी सगळ्यांपासून लांब. प्रमाणाच्या मॅट्रिक्समध्ये मात्र तो अगदी मधला, चारचौघांसारखा. घडणीतही तसाच. पाणी तेवढंच, डागांची ठेवण तशीच, पण सगळं भलत्याच जागी. नकाशा उघडला तर ओला उतार जिथे हवा तिथे कोरडं पठार. फाइलमध्ये अक्षांशांची यादी दक्षिणेकडून उत्तरेकडे लिहिलेली होती आणि डेटा मात्र उत्तरेकडून दक्षिणेकडे भरलेला होता. नकाशा उलटा पडला होता. भारित बेरजेत हा रन ‘जरा वेगळा’ एवढाच ठरला असता, आणि टोकाचे रन निवडताना बहुधा थेट यादीत गेला असता.

तळरेषा

दोन नकाशांमधलं अंतर ४० किलोमीटर आलं. मोठं की लहान? हे मॉडेलच सांगू शकतं. एकाच पॅरामीटरचे, पण सुरुवातीच्या तापमानात नगण्य फरक केलेले ४ जादा रन केले. त्यांच्यात पॅरामीटरचा काहीच फरक नाही, तरीही वातावरणाच्या स्वभावामुळे नकाशे तंतोतंत जुळत नाहीत. या चौघांच्या ६ जोड्यांमध्ये जे अंतर येतं ती तळरेषा. त्याखालच्या अंतराला अर्थ नाही.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच. प्रमाण आणि जागा यांची बहुतेक अंतरं तळरेषेच्या बरीच वर होती. घडणीची बहुतेक अंतरं तिच्या खाली किंवा तिला खेटून. डोंगररांगेवर बारीकसारीक शिखरांची इतकी गर्दी होती की पॅरामीटरचा परिणाम तिच्यात हरवून जात होता. अल्पायुषी शिखरं गाळून बघितली, थोडाच फरक पडला. त्यामुळे निवडीतून घडणीचं माप काढून टाकलं आणि फक्त फाइली तपासण्यापुरतं ठेवलं. ज्याला ते आवडायचं तो थोडा नाराज झाला.

चित्रं

टी-एसएनईची जागा एमडीएसनं (मल्टिडायमेन्शनल स्केलिंग या पद्धतीनं) घेतली, कारण ती मूळ अंतरंच शक्य तितकी टिकवायला बघते आणि किती टिकली नाहीत ते ‘स्ट्रेस’ या आकड्यात सांगते. जोसेफ क्रुस्कल यांनी १९६४ मध्ये दिलेली ढोबळ पट्टी अजून चालते: ०.२ म्हणजे वाईट, ०.१ बरं, ०.०५ चांगलं. जागेच्या अंतरांचा द्विमितीय स्ट्रेस ०.१ च्या आसपास आला, आणि तो आकडा चित्राच्या कोपऱ्यात छापायचा असं ठरवलं. प्रमाणासाठी तर एमडीएसची गरजच नव्हती. ते अंतर दोन बेरजांवरून निघतं, तेव्हा सगळे रन एका रेषेवर मांडले की झालं.

नव्या चित्रात पुंजके नव्हते. एक वाकडा, सलग पट्टा होता. तो पॅरामीटरनुसार रंगवल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रंग हळूहळू बदलत गेला. पॅरामीटर होता संवहनातल्या एन्ट्रेनमेंटचा, म्हणजे वर चढणारी हवा आजूबाजूची कोरडी हवा किती ओढून घेते याचा. ही बाब पावसाच्या जागेवर परिणाम करणार, हे भौतिकीच्या अंगानं बघता अपेक्षितच. चित्राचा आणि पॅरामीटरचा मेळ बसला, तो या टप्प्यावर पहिल्यांदा.

नकाशेही नव्यानं छापावे लागले. आधीच्या पोस्टरवर प्रत्येक नकाशाची रंगपट्टी आपोआप त्याच्या स्वतःच्या कमाल किमतीवर बसलेली होती. शेजारीशेजारी अगदी एकसारखे दिसणारे दोन नकाशे, आणि एकाचा कमाल पाऊस दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त. सगळ्यांना एकच पट्टी दिली. इंद्रधनुषी ‘जेट’ ही रंगमाला काढली. तिच्या पिवळ्या पट्ट्यामुळे जिथे काही नाही तिथेही कडा दिसते. मॅटप्लॉटलिब या आलेख काढण्याच्या सॉफ्टवेअरनंही २०१७ च्या २.० आवृत्तीपासून डिफॉल्ट म्हणून तिच्या जागी व्हिरिडिस ही रंगमाला आणली ती अशाच कारणांनी. फरकाच्या नकाशांना शून्यावर पांढरा आणि दोन्ही बाजूंना वेगळा रंग. या गोष्टी आता सगळ्यांना माहीत असतात, तरी घाईत राहून जातात.

निवड आणि निष्पत्ती

पुंजके नाहीत म्हटल्यावर ‘प्रत्येक गटातला एक’ ही मागणीच उरली नाही. पट्ट्यातून प्रतिनिधी कसे निवडायचे? के-मेडॉइड्स ही पद्धत नेहमीच्यातले, मधले रन देते. एक रन घ्यायचा, मग त्याच्यापासून सर्वांत लांबचा, मग त्या दोघांपासून सर्वांत लांबचा, अशी निवड केली तर टोकाचे मिळतात, पण त्यात बिघडलेली फाइलही पहिली हाती लागते. उलट्या नकाशानं हे नुकतंच दाखवलं होतं. पुरासाठी टोकं तर हवीतच. शेवटी ५ मेडॉइड आणि २ टोकाचे, एक प्रमाणातलं, एक जागेतलं, असे ७ रन दिले. टोकाचे दोन्ही नकाशे यादीत जाण्याआधी माणसानं उघडून बघितले.

नंतर पडताळणी म्हणून न निवडलेले काही रन पुराच्या मॉडेलमधून काढले. प्रमाण आणि जागा या दोन्हींत जो मेडॉइड त्यांच्या जवळ होता, त्याच्यासारखाच नदीच्या विसर्गाचा आलेख त्यांनी दिला. एक अपवाद निघाला. दोन रनचे सरासरी नकाशे दोन्ही मापांत तळरेषेच्या आत, म्हणजे आपल्या लेखी एकच, तरी एकाच्या पुराचं शिखर बरंच उंच. रोजचा पाऊस काढून बघितल्यावर कारण कळलं. एकात पाऊस हंगामभर वाटलेला, दुसऱ्यात तेवढाच पाऊस थोड्या सलग दिवसांत कोसळलेला.

वेगळं काय करता आलं असतं

माफीची यादी जागेबद्दल केली, वेळेबद्दल कुणी विचारलंच नाही. हंगामाची सरासरी काढली त्याच क्षणी पाऊस कधी पडला हा फरक पूर्णपणे माफ झाला होता, आणि सरासरी काढणं ही फाइल तयार करण्यातली पायरी असल्यामुळे ती चर्चेच्या टेबलावर आलीच नाही. अंतराचं सूत्र निवडण्याआधी जे जे केलं जातं, म्हणजे सरासरी, कापणं, ग्रिड बदलणं, ते सगळं त्या यादीत धरायला हवं होतं.

फळ्यावरचा चौकोन पहिल्या चित्राच्या आधी यायला हवा होता. सरकवलेला, निम्मा केलेला, गुळगुळीत केलेला, उलटा केलेला असे मुद्दाम बनवलेले नकाशे प्रत्येक मापातून काढून बघायला फारसा वेळ लागत नाही. उलटा नकाशा त्या संचात असता तर खरा उलटा रन ओळखू यायला मॅट्रिक्सकडे टक लावून बघावं लागलं नसतं. हिस्टरीच्या ओळीचंही तेच. ती आता गटाच्या तक्त्यात पॅरामीटरच्या शेजारचा एक स्तंभ आहे, आणि प्रत्येक नवं चित्र आधी त्या स्तंभानुसार रंगवून बघितलं जातं.

जाड ग्रिडवरच्या १६ रनचं काय, हे अजून लटकलेलं आहे. पॅरामीटरच्या टोकाच्या जोड्या तिथेच आहेत. त्यातल्या निवडक जोड्या बारीक ग्रिडवर पुन्हा चालवाव्यात असं माझं मत आहे. गटप्रमुख आधी खर्चाचा अंदाज मागताहेत.

वेळेसाठी दोन सूचना आल्या. एक, रोजच्या नकाशांच्या मालिकांची ‘डायनॅमिक टाइम वॉर्पिंग’नं तुलना करायची. ती उशीर माफ करते आणि क्रम सांभाळते, पण तिचं उत्तर जलविज्ञानवाल्यांना समजावून सांगणं जड जाईल. दुसरी सूचना सोपी: सरासरीच्या जोडीला, हंगामातल्या सर्वांत ओल्या सलग काही दिवसांच्या एकूण पावसाचा नकाशा घ्यायचा आणि त्यालाही प्रमाण आणि जागा हीच दोन मापं लावायची. पुढच्या फेरीत हे दुसरंच करायचं ठरलं आहे. सलग किती दिवस धरायचे, ते खोऱ्यातलं पाणी मुखाशी पोचायला किती वेळ लागतो त्यावर अवलंबून आहे, आणि तो आकडा जलविज्ञानवाल्यांकडून यायचा आहे.